गाद्यांचे निळे चिमटे

ओजिया, २० मे

कानाए,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण हवा तुझ्या काशिवाझाकीत काय निराळी असणार, तेव्हा ते राहू दे. 'सूनबाई' लिहायला घेतलं आणि खोडलं. गेली सहा वर्षं तू सून नाहीस, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

परवा हिरासावा माशांचं खाद्य घेऊन आला होता. त्याची जीभ तुला ठाऊकच आहे. पोतं खाली ठेवायच्या आधीच सुरू झाला, "वहिनी, तुमची कानाए भेटली की हो मला! वृद्धाश्रमात कामाला आहे. तिथल्या बागेत तळं आहे, पण पाणी बघाल तर वाटाण्याचं सूप. आत मासे आहेत की नाही ते विचारून घ्यावं लागतं. तिथल्या मुख्य बाई तिला म्हणाल्या, तू ओजियाची, रंगीत कोई मासे पाळणाऱ्यांच्या घरात राहिलेली, तूच बघ जरा. तर ही म्हणते कशी, तळ्याचं नाव माझ्यापाशी काढू नका, मी एका घरातले तेरा मासे मारलेत!"

आणि हसला. मी त्याला जवाचा गार चहा दिला आणि लवकर वाटेला लावलं.

तर पत्राचं कारण ते तळं. पाणी हिरवं झालं म्हणजे लगेच घाबरायचं नाही. आमचे हे म्हणतात, हिरव्या पाण्यात मासा मजेत असतो, त्रास फक्त बघणाऱ्याला होतो. दुपारचं ऊन अडवायला वेताचा पडदा लावा, खाद्य निम्म्यावर आणा, आणि पंप दिवसभर चालू ठेवा, रात्रीही. विजेचं बिल वाचवायला तो बंद करणारे लोक असतात. फिल्टरमधला एकच कप्पा एका वेळी धुवायचा, तोही तळ्याच्याच पाण्यात, बादलीत दोनदा खळबळून. बाकीच्यांना त्या दिवशी हात लावायचा नाही. एवढं केलं तर महिनाभरात तळ दिसेल.

तुझा बटाटा अजून आहे. तेरा गेले आणि तो चहाच्या रंगाचा ठोंब्या राहिला. यांनी त्या वेळी तुझी किती टिंगल केली होती, "पैदासवाल्याने टाकून दिलेला मासा घरी आणलास? हा मासा नाही, बटाटा आहे." आता रोज सकाळी त्यालाच हाताने भरवत असतात.

आणि हो, तेरा मासे मारले असं चारचौघांत सांगत जाऊ नकोस. बरं दिसत नाही. त्या वर्षी ऊन फार होतं. कुणाची चूक म्हणता येणार नाही.

तोकिए


ओजिया, १४ जून

कानाए,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण अक्षर अजून तसंच नीट आहे.

"सल्ल्याबद्दल आभार. तिथल्या बाईंना तो वाचून दाखवला. मी स्वतः तळ्याला हात लावत नाही. कामावर मागच्या दाराने जाते, म्हणजे वाटेत ते लागत नाही."

मागच्या दाराने. हे वाचल्यावर माझं कशातच लक्ष लागेना. दोन दिवस भात करपला. हे म्हणाले, "तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं की काय आता?" मी म्हटलं, "गॅस बिघडलाय." गॅस काही बिघडलेला नाही.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. त्या वर्षी ऑगस्टात हे पित्ताशयाच्या ऑपरेशनला नागाओकाच्या इस्पितळात होते, तेव्हा मी फिल्टरच्या चटया थोड्या धुतल्या होत्या. वरवरच. पितरांचे दिवस तोंडावर आलेले, नागाओकाचे थोरले भाऊजी कुटुंबासकट येणार होते, आणि पाण्याला चहाचा रंग चढला होता. थोरले भाऊजी काय म्हणायचे ते तू ऐकलं आहेस. "तोकिएच्या घरात सगळं लखलखीत, तेवढं तळं सोडून." दरवर्षी एकदा तरी म्हणायचेच, आणि सगळे हसायचे. तूही एकदा हसली होतीस.

म्हणजे फिल्टरला माझाही हात लागला होता, एवढंच सांगायचं होतं. त्यामुळे सगळं तुझ्यामुळे झालं असं धरून चालू नकोस. थोडं इकडचं, थोडं तिकडचं, असं असतं.

पुढच्या दाराने जात जा. मागे पायऱ्या असतील, पावसाळ्यात घसरतात.

तोकिए


ओजिया, २ जुलै

कानाए,

तुझं उत्तर आलं नाही आणि ते बरंच झालं. तुला जे पाठवलं त्याला उत्तर देण्याजोगं त्यात काही नव्हतं.

'थोड्या' असं लिहिलं. थोड्या नव्हत्या. 'वरवर' लिहिलं. ते तर साफ खोटं. आता सगळं लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही, म्हणून खोडाखोड करणार नाही.

दहा ऑगस्टला सकाळी तू यांचे धुतलेले कपडे घेऊन इस्पितळात गेलीस. आदल्या आठवड्यात जाताना यांनी तुला दारात काय सांगितलं होतं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. "सकाळ-संध्याकाळ एकेक मूठ खाद्य. आणि फिल्टरला कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीही." ते 'कुणीही' माझ्यासाठी होतं, मला पक्कं कळलं होतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला सुनेच्या तोंडून निरोप! मला त्याचा राग आला होता. हे आधी लिहायला हवं होतं, कारण घाणीपेक्षा हा राग मोठा होता.

तुझी बस वळली तशी मी झाकणं उघडली. चारही कप्प्यांची. पहिल्यातले गाळ अडवणारे ब्रश, दुसऱ्यातल्या चटया, तिसऱ्यातले शिंपले, सगळं अंगणात काढलं. शिंपल्यांवर तपकिरी लगदा, चटयांवर तपकिरी लगदा. मला शिसारी आली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. इतकी घाण एका जागी सापडणं हे माझ्यासारखीला सणासारखं. नळाला पाइप लावला आणि कपड्याच्या ब्रशने घासघास घासलं. शिंपले तांदळासारखे धुतले, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. नंतर चटया गाद्यांच्या बांबूवर घातल्या, गाद्यांचे ते मोठे निळे चिमटे लावले आणि भर उन्हात टाकल्या. दुपारी काठीने बडवल्यासुद्धा. पाहुणे यायच्या आधी गाद्यांना ऊन देतात, तसं. सगळ्या गावात फिल्टरला ऊन देणारी मीच एक.

चार वाजता सगळं परत जागेवर ठेवलं. तू सहाच्या बसने आलीस आणि म्हणालीस, "आई, पाणी किती छान दिसतंय!" मी म्हटलं, "वारा पडला आहे, गाळ खाली बसला असेल."

तेराला भाऊजी आले. तळ्यातला खडा न् खडा मोजता येत होता. भाऊजी काठावर बसून राहिले, बराच वेळ, आणि मान हलवत म्हणाले, "हरलो बुवा." मला आयुष्यात इतकं बरं क्वचित वाटलं असेल. पंधराला ते सगळे परत गेले, आणि त्याच संध्याकाळी पहिला मासा, तो लाल टोपीवाला, वर येऊन तोंड उघडू-मिटू लागला. पुढचं तुला माहीत आहे. सतराच्या दुपारपर्यंत तेरा. पाणी तेव्हाही काचेसारखं होतं, आणि त्या पाण्यात तू कमरेपर्यंत उतरून एकेकाला दोन्ही हातांनी वर धरत होतीस.

त्या लगद्यात बारीक जीव असतात आणि माशांच्या अंगातून पाण्यात उतरणारं विष ते खातात, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. हे खरं आहे. पण शंका आली नाही म्हणाले तर ते खोटं. सतराच्या संध्याकाळी मी ते निळे चिमटे काढून हिवाळी रजयांच्या खाली, कपाटाच्या तळाशी ठेवले. ज्याला शंका नसते तो चिमटे लपवत नाही.

मग तू आलीस. अंगावर तेच ओले कपडे, आणि माझ्यापुढे फरशीला कपाळ टेकवलंस. "आई, मी बटाट्यासाठी रोज एक मूठ जास्त टाकत होते. तो मागायचा म्हणून. माझ्यामुळे झालं."

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल, मला तर शब्दन् शब्द आठवतो. "एवढ्या उन्हात एक मूठ म्हणजे काही थोडी नाही."

एवढं एकच वाक्य. मी गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण तू आपण होऊन मान पुढे केलीस आणि मी ती वरून दाबली.

एकोणीसला हे घरी आले, फिल्टरची झाकणं उघडून बघितली, बंद केली, आणि म्हणाले, "झालं ते झालं. या घरात यावर आता कुणी बोलायचं नाही." मला वाटलं, तुझ्यावर दया केली. तुला वाटलं, तोंड बघायची इच्छा नाही. त्यानंतर ते तुझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलले नाहीत. शूइची तुझा नवरा, पण त्यानेही तुझी बाजू घेतली नाही. आपल्या वडिलांचा चेहरा बघून तो लहानपणापासून गप्प बसतो. नोव्हेंबरात खिडक्यांना बर्फ अडवायच्या फळ्या लावायच्या आधी तू गेलीस. मी तुला बांबूच्या पानातले लाडू बांधून दिले. तू ते घेतलेस, वाकून नमस्कार केलास आणि म्हणालीस, "माशांचं मनावर घेऊ नका, आई."

तू तेरा मासे मारले नाहीस. एकही नाही. ती मूठ जास्त झाली असेल, पण जिवंत फिल्टरने ती पचवली असती. फिल्टर मी मारला.

माफ कर असं माझ्याच्याने लिहवत नाही, कारण मला माफी मागायला तोंड नाही. तू पुढच्या दाराने जा, एवढंच.

तोकिए


ओजिया, २५ ऑगस्ट

कानाए,

तुझ्या कार्डावर या वेळी एकच ओळ होती. "बाबांना माहीत आहे का?"

सात जुलैला आलं ते. तेव्हापासून रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. मग कारण सापडायचं. यांचा रक्तदाब. यांचा गुडघा. शेंगा तोडायच्या आहेत. एक दिवस तर टीव्हीवर सुमोची कुस्ती होती म्हणून राहिलं. म्हातारपणी माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत. खरं कारण असं, की हे मला सोडून जातील असं नाही, पण मान वळवतील. तू जाईपर्यंत तुझ्याकडून वळवलेली मान मी रोज बघत होते, ती माझ्याकडून वळलेली मला बघायची नव्हती.

यंदा पितरांच्या दिवसांत कुणी आलं नाही. थोरले भाऊजी आता पितरांतच आहेत, शूइचीला सुट्टी नव्हती. पंधराला आम्ही दोघं कबरीवर जाऊन आलो, आणि परत आल्यावर मी कपाटातून ते निळे चिमटे काढले आणि यांच्यापुढे ठेवले. तळ्याच्या कट्ट्यावर बसून बटाट्याला भरवत होते.

"हे काय?"

"गाद्यांचे चिमटे."

"ते दिसतंय मला. नवीन आणलेले असताना हे कशाला काढलेस?"

मग मी सांगितलं. तुला लिहिलं त्याच क्रमाने, दारातल्या निरोपापासून. राग आला होता तेही सांगितलं. ते भरवायचे थांबले नाहीत. माझं सांगून झालं तेव्हा हातातलं खाद्य संपलं होतं. हात झटकून उठले, फिल्टरच्या दुसऱ्या कप्प्याचं झाकण काढलं, एक चटई वर ओढली आणि तिची कड माझ्यापुढे धरली.

"बघ."

कडेवर दातांच्या खुणा होत्या. चार-चार दात, दाबून बसलेले, आणि दोन खुणांमध्ये नेमकं चार बोटांचं अंतर.

"या घरात चार बोटं मोजून चिमटे कोण लावतं?" हे म्हणाले. "इस्पितळातून आलो त्याच दिवशी बघितलं."

कानाए, हे लिहायला मला नऊ दिवस लागले. पहिल्या आठ दिवसांत तुला लिहायचं ठरवलं होतं की 'सांगितलं, त्यांना फार वाईट वाटलं.' तेवढ्यावर भागलं असतं. पण पुन्हा अर्धंच सांगायचं असेल तर मग हे सगळं कशाला केलं.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

मी ओरडले यांच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. "मग बोललात का नाही? पोर घर सोडून गेली!"

"तू बोलशील म्हणून थांबलो," हे म्हणाले. "एक दिवस थांबलो, दोन दिवस थांबलो. मग वाटलं, आता मी बोललो तर सुनेसमोर, पोरासमोर तुझी अब्रू काय राहील? मग ती निघाली. तेव्हा तरी तू बोलशील असं वाटलं. ती गेल्यावर बोलायला काही उरलंच नाही."

"तिच्याशी मग नीट का वागला नाहीत?"

त्यांनी चटई परत कप्प्यात सोडली. मग म्हणाले, "तोंड दाखवायला लाज वाटायची. तिच्यासमोर बसलं की भात गिळवत नसे."

तुला वाटत होतं त्यांना तुझं तोंड बघायचं नाही. त्यांना आपलं दाखवायचं नव्हतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि ते सोसलंस तू. त्यांना राखायची होती माझी अब्रू, आणि मलाही राखायची होती माझीच. तुझी राखायला घरात कुणी नव्हतं.

सहा वर्षं आम्ही दोघं एका टेबलावर जेवलो आणि एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली.

याचं तुला काय वाटावं हे मी सांगणार नाही. राग आला तर येऊ दे, तो तुझा हक्क आहे. शूइचीला मी फोन केला. सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "आई, मी तिला विचारलंसुद्धा नाही." आणि फोन ठेवला. तो तुला लिहील की नाही मला माहीत नाही. लिहिलं तर वाचायचं की नाही ते तू ठरव.

तोकिए


काशिवाझाकी, वृद्धाश्रमाचं पुढचं फाटक, २१ सप्टेंबर, सकाळी साडेदहा

कानाए,

आम्ही दोघं आलो आहोत. मियाउचीला गाडी बदलताना या बादलीमुळे सगळा डबा आमच्याकडे बघत होता. एका मुलीने नाक दाबलं, तर हे तिला म्हणाले, "सहा वर्षांचा माल आहे, वास यायचाच." तुला न विचारता आलो, म्हणून घंटा वाजवत नाही. तुझी सकाळची पाळी आहे असं हिरासावा म्हणाला होता. आम्ही समोर बस थांब्यावर बाराच्या बसपर्यंत आहोत. यायचं नसेल तर नको येऊस. बसमध्ये बसू आणि जाऊ, तुला दोष देणार नाही.

फाटकापाशी सावलीत बादली ठेवली आहे. आत जाळीची पिशवी आहे, आपल्या तिसऱ्या कप्प्यातले शिंपले. हे पहाटे उठून स्वतः काढत होते. यांचा गुडघा दुखतो म्हणून मी कंदील— नको, उगाच सजवत नाही, मी टॉर्च धरून उभी होते आणि ते मला शिंपल्यांना हात लावू देत नव्हते. शेवटी म्हणाले, "बरं, धर. पण पुसू नकोस." बटाट्याने सहा वर्षं एकट्याने खाऊन हा लगदा जिवंत ठेवला आहे. नव्या तळ्याला जुन्या तळ्याचं विरजण लागतं.

ही पिशवी तुमच्या फिल्टरमध्ये, पाणी वाहतं तिथे ठेवायची. आजच, कारण पाण्याबाहेर त्यातले बारीक जीव एक दिवसच जगतात. तू ठेवलीस तर बरं वाटेल. तुझ्या हाताने मासे मरत नाहीत. सतरा ऑगस्टला त्या पाण्यात उतरलेली तू एकटीच होतीस.

ही चिठ्ठी मुद्दाम पाकिटात घातलेली नाही. बादलीच्या कडीला बांधली आहे, येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही वाचावी. त्या बाईंनी वाचावी, स्वयंपाकीणबाईंनी वाचावी, ज्या कुणापुढे तू ते तेरा मासे कबूल केले असतील त्या सगळ्यांनी वाचावी. ओजियाच्या होशिनो घरातले तेरा मासे सासूने मारले. सुनेने नाही. सासऱ्याला माहीत होतं. खाली आम्हा दोघांचे सहीचे शिक्के आहेत.

बादली बाहेरून घाण दिसेल, कडीलाही लगदा लागला आहे. मी धुतलेली नाही.

होशिनो तोकिए
होशिनो एइसाकू